वर किती, खाली किती

अ‍ॅट्रॅक्टा लिडी आमच्या गावची नाही. ती स्लायगोकडची. लग्न करून इकडे क्लेअर जिल्ह्यात आली त्याला चोपन्न वर्षं झाली, पण अजून दुकानात तिचा विषय निघाला की लोक म्हणतात, "ती स्लायगोवाली." तिला त्याचं काही वाटत नाही. "शंभर भरली की घ्या मला गावात," म्हणते.

सासूने तिच्या हातात घराची किल्ली द्यायच्या आधी नॉकलारच्या किल्ल्याची किल्ली दिली. ती सासूला तिच्या सासूने दिलेली. ही किल्ली म्हणजे वीतभर लांब लोखंड आहे, आणि त्याला हर्लीच्या, म्हणजे आमच्याकडच्या हॉकीसारख्या खेळाच्या, काठीचा तुकडा बांधलेला आहे. एकदा एक अमेरिकन ती खिशात टाकून थेट शॅननच्या विमानतळापर्यंत गेला होता. त्यानंतर अ‍ॅट्रॅक्टाच्या नवऱ्याने, मॅटीने, स्वतःची खेळायची काठी कापून तो तुकडा बांधला. हातभर लाकूड घेऊन कोण विमानात बसणार आहे? मॅटी जाऊन एकोणीस वर्षं झाली. लाकडाचा तुकडा अजून तसाच आहे, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

किल्ला म्हणजे काय, तर टेकडीच्या माथ्यावर एक चौकोनी उंच बुरूज. चार मजले, आत गोल जिना, वर छप्पर नाही, कावळे आहेत. खाली रस्त्याकडेला सरकारी पाटी: "किल्ली समोरच्या घरात मिळेल." समोरचं घर अ‍ॅट्रॅक्टाचं. मग येणारे दार वाजवतात, ती त्यांना आधी आत बसवते, चहा देते. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा कप हातात घेतो. परदेशी लोकांना हे ठाऊक नसतं. ते पहिल्याच खेपेला हो म्हणतात आणि ती खूश होते. मग चौकशा. कुठले, कोण, आजोबांचं आडनाव काय. अर्ध्या जगाला तिने सांगितलंय की तुझं नाक या किल्ल्यातल्या सरदारांवर गेलंय. त्यांच्यातल्या एकाचंही नाक कोणी पाहिलेलं नाही.

चहा झाला की वही. शाळेच्या वहीत तिने दोन रकाने आखलेत: वर आणि खाली. किती जण वर गेले, किती वाजता. किती खाली आले, किती वाजता. धुकं उतरलं की दारात उभी राहून शाळेची जुनी घंटा वाजवते, म्हणजे वरच्यांना घर कुठल्या बाजूला ते कळावं. चाळीस वर्षं मी समजत होतो की ती घंटा माझ्या मेंढ्यांना बिथरवण्यासाठी आहे.

आता मी कोण ते सांगतो. मी कोलमन टूही. किल्ल्याला जायची पायवाट माझ्या कुरणातून जाते. कायद्याने जाते, माझ्या मर्जीने नाही. म्हणजे सगळं जग माझ्या मेंढ्यांमधून चालत वर जाणार, फोटो काढणार, आणि माझं फाटक उघडं टाकून निघून जाणार. मी स्वतः पाटी लावली आहे, "फाटक जसं असेल तसं ठेवा." पाट्या वाचतो कोण?

या एप्रिलमध्ये व्हायचं तेच झालं. फाटक उघडं राहिलं, मेंढ्या रस्त्यावर गेल्या, आणि माझी सगळ्यात चांगली मेंढी, पोटात दोन कोकरं असलेली, मोटारीखाली आली. मी पोचलो तेव्हा अ‍ॅट्रॅक्टा पावसात, डोक्यावर पिशवी धरून, उरलेल्यांना आत हाकलत होती. "वाईट झालं रे कोलमन," एवढंच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात आग होती.

त्या आगीतच मी किल्ला ज्यांच्या ताब्यात आहे त्या डब्लिनच्या सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं. लपवून काय करू, जे लिहिलं ते सांगतो. लिहिलं की किल्ली ऐंशीला टेकलेल्या बाईच्या हातात आहे. तिला दिसत नाही, ती कशावर लक्ष ठेवत नाही. पाहुणे वाटेल ते करतात. उद्या एखादा माणूस त्या बुरुजात अडकून पडला तरी हिला पत्ता लागणार नाही. तेव्हा किल्ला कायमचा बंद करा. खाली सही केली, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकलं. आठवड्याभरात राग उतरला. पत्र कसं परत घेणार?

जूनच्या सुरुवातीला अ‍ॅट्रॅक्टा माझ्याकडे आली. हातात लांबडं सरकारी पाकीट.

"चष्मा घरी राहिला," ती म्हणाली. "वाचून दाखव जरा."

मी वाचलं. सुरक्षिततेबद्दल तक्रार आली आहे. कोणी आत अडकल्यास किल्ली सांभाळणाऱ्यांना कळणार नाही, असं तक्रारदाराचं म्हणणं आहे. गुरुवारी तीन वाजता आमच्या अधिकारी येतील. सध्याची व्यवस्था चालू ठेवायची की किल्ला बंद करून किल्ली कार्यालयात जमा करायची, ते त्या ठरवतील. माझीच वाक्यं, फक्त इस्त्री करून परत आलेली.

"कोणी लिहिलं असेल रे?" तिने विचारलं.

"लोकांना उद्योग नसतात," मी म्हणालो.

तिने पाकीट घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. "दुसरं काही गेलं तर चालेल, कोलमन," ती म्हणाली. "मॅटी गेला, मुलगी ऑस्ट्रेलियात गेली. पण किल्लीसाठी कोणीतरी दार वाजवतं. ते गेलं तर मग मी दिवसभर कोणाशी बोलू, रेडिओशी? गुरुवारी ये तू. शेजारी म्हणून दोन शब्द बोल."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या तीन रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि मी असा माणूस आहे की पाठ टेकली की घोरतो.

गुरुवारी सकाळी मला वाटलं, निदान किल्ला तरी स्वच्छ दिसू दे. कावळे दरवर्षी त्या गोल जिन्यात काटक्या टाकून ठेवतात, गाडीभर निघतात. माझ्या मेंढ्याही तळमजल्यावर सावलीला जाऊन घाण करतात. म्हटलं, ती अधिकारी बाई वर आली आणि घसरली तर अ‍ॅट्रॅक्टाचं संपलंच. फावडं टाकलं ट्रॅक्टरवर, कुत्रा घेतला आणि निघालो. वर पोचलो तर लोखंडी सळ्यांचं दार उघडंच होतं. एक डच जोडपं किल्ली घेऊन आधीच आलं होतं, दोघंही उंच, पायांत सारखे बूट. मी मान हलवली, त्यांनी मान हलवली. मी तळमजला साफ केला, मग काटक्या काढत काढत वर सरकत गेलो.

मी पार माथ्यावर होतो तेव्हा खालून खणकन आवाज आला. एका कानाने मला कमी ऐकू येतं, त्यात कावळ्यांचा कालवा. लक्ष दिलं नाही. पाच मिनिटांनी कठड्यावरून खाली बघितलं, तर डच जोडपं किल्ली घेऊन उताराला लागलेलं. दाराला कुलूप. शिस्तीची माणसं. पाटीवर लिहिलंय दार लावून किल्ली परत करा, त्यांनी लावलं.

मी ओरडलो. वारा माझ्या तोंडावर होता, शब्द मागेच गेले. मग दोन्ही हात हलवले. बाईने वळून पाहिलं, नवऱ्याला दाखवलं, आणि दोघांनी मोठ्या आनंदाने हात हलवले.

फोन कुठे होता? कोटात. कोट कुठे होता? अंगात. पण तो जुना कोट. फोनवाला कोट ट्रॅक्टरवर होता. कुत्रा, रेंजर, दाराबाहेर बसून वर माझ्याकडे बघत शेपटी हलवत होता. सात वर्षं त्याला खायला घालतोय.

आता आमच्याकडची एक खोड सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही. इथे रस्त्यात कोणीही दिसलं तरी हात करतात. ओळख असो नसो. गाडी चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तोही नमस्कारच. नाही केलं तर गावात चर्चा होते की अमक्याला काय झालं, घरात कोणी आजारी आहे का. हात केला की हात करायचा, हे पाळण्यात शिकवलं जातं.

तर मी त्या टेकडीच्या माथ्यावर, सगळ्या मुलखाला दिसेल असा उभा राहून, सुटकेसाठी हात हलवत होतो. पोस्टाची व्हॅन गेली. पोस्टवालीने खिडकीतून हात काढून हलवला. दुधाचा टँकर गेला. त्याने हॉर्न दिला, दोनदा. शाळेची सहल गेली, बसमधल्या पन्नास पोरांनी पन्नास हात हलवले. पाद्रीबाबांची गाडी गेली, त्यांनी थांबून काच खाली केली आणि मला आशीर्वाद दिला. मी टोपी काढून हलवली. रस्त्यापलीकडच्या शेतात गस कॉर्बेट कुंपण ठोकत होता. गस आणि मी एका बांधावरून अकरा वर्षं बोलत नाही. चर्चमध्येसुद्धा दोघं दोन टोकांना बसतो. त्याने मान वर केली, बराच वेळ बघितलं, हातोडी खाली ठेवली आणि सावकाश टोपी उचलली. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

आणि अ‍ॅट्रॅक्टा. ती अंगणात आली, निळा एप्रन, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मी जीव खाऊन दोन्ही हात हलवले. तिने हात हलवला आणि आत गेली.

मग काय करणार, बसलो कठड्यावर. माणूस वर अडकला की खालचं बघतो. मी त्या टेकडीखाली जन्मलो, पण तीन तास वर बसून खाली बघितलं नव्हतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी ती बाहेर येत होती. डोळ्यांवर हात, वर नजर, पायवाटेवर नजर, पुन्हा आत. मी मोजलं. अकरा वेळा. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघा धरून पायरी उतरायची, बघायची, पायरी चढायची. आणि मी काय लिहिलं होतं? ती कशावर लक्ष ठेवत नाही.

तेवढ्यात माझी नजर माझ्या फाटकावर गेली. सताड उघडं. दोन मेंढ्या तिकडे सरकत होत्या. माझ्या तोंडातून डच लोकांसाठी एक शब्द निघाला तो इथे लिहीत नाही. मग आठवलं. ते दोघं उतरताना फाटकाशी थांबले होते. माझी पाटी वाचली, आपसात काहीतरी बोलले, आणि फाटक जसं होतं तसं ठेवून गेले. पाटीच तशी आहे ना. म्हणजे ते उतरायच्या आधीच फाटक उघडं होतं. ते वर गेल्यावर कुरणात आलेला माणूस एकच, ट्रॅक्टरवरचा.

अ‍ॅट्रॅक्टा हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन बाहेर आली. रस्ता ओलांडला, फडकं हलवून मेंढ्या आत हाकलल्या, फाटक लावलं, दोनदा हलवून बघितलं. वर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज घाईत झालं, मी मनाशी म्हणालो. एप्रिलची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये पाहुणेच होते. माणूस स्वतःशी किती खोटं बोलतो याला काही मर्यादा नाही.

तीनला पाच कमी असताना पांढरी गाडी येऊन थांबली. एक तरुण बाई उतरली, रबरी बूट, हातात कागद लावलेली फळी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती वर येणार. कुलूप उघडणार. आणि आत कोण? कोंडलेला माणूस. तीन तास कोंडलेला, आणि किल्ली सांभाळणारी खाली चहा करतेय. मी पत्रात जे लिहिलं होतं त्याचा पुरावा मी स्वतःच होतो, तोही फावड्यासकट. आपल्याच हाताने मी अ‍ॅट्रॅक्टाचं दार बंद केलं होतं, आणि आता शिक्का मारायलाही मीच हजर.

दुसऱ्या मजल्यावर भिंतीत जुन्या सरदारांचा शौचकूप आहे, माणूस मावेल एवढा. मी त्यात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, त्या बघतील आणि जातील. मग सुचलं, जाताना कुलूप लावतील, आणि मी शुक्रवारपर्यंत इथेच. शिवाय दाराबाहेर रेंजर शेपटी हलवत बसलेला, त्याला कुठे लपवू? निघालो बाहेर, खाली आलो, आणि दाराच्या आत दगडावर फावडं मांडीवर घेऊन बसलो.

आवाज जवळ आले. अ‍ॅट्रॅक्टा धापा टाकत त्याच सरदारांच्या नाकांचं सांगत होती. मग सळ्यांपलीकडे दोघी उभ्या राहिल्या. अधिकारी बाईने, मिस फॅरेलीने, माझ्याकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही आत कोंडले गेला आहात का?" तिने विचारलं.

अ‍ॅट्रॅक्टा हातात ती हर्लीची काठी धरून माझ्याकडे बघत राहिली.

"कोंडलं कशाला असेन," मी म्हणालो. "कावळ्यांचं काम काढलंय. वरून काटक्या फेकायच्या, खाली कोणाच्या डोक्यात पडायला नकोत. म्हणून बाहेरून लावून घेतलं. अ‍ॅट्रॅक्टाला ठाऊक आहे मी आत आहे ते. मघाशीच हात केला मी, तिनेही केला. विचारा हवं तर."

आयुष्यात इतकं खोटं मी एका दमात बोललो नव्हतो. निदान तेव्हा मला ते खोटं वाटलं.

"वहीत आहे," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, आणि कुलूप काढलं.

मिस फॅरेली माथ्यापर्यंत जाऊन आली. जिना साफ आहे असं फळीवर लिहिताना मी पाहिलं. मग आम्ही तिघं खाली आलो. रेंजर तिच्याच मागे, मला विसरून.

स्वयंपाकघरात टेबलावर पाव, लोणी आणि रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा मांडून ठेवला होता. "बस गं पोरी," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, "ऑफिसातली असलीस म्हणून काय झालं, भूक तर लागते." वही तिच्यापुढे सरकवली. मिस फॅरेली वाचायला लागली आणि मी माझ्या कपात बघायला लागलो. आत कुठेतरी मला अजून वाटत होतं की आता उघडं पडणार.

"अकरा पाच, डच जोडपं, दोन वर," मिस फॅरेली मोठ्याने वाचू लागली. "अकरा वीस, कोलमन, फावडं घेऊन, एक वर. बारा, डच जोडपं, दोन खाली. कोलमन अजून वर. बारा दहा, कोलमनने हात केला. मीही केला. बारा चाळीस, पुन्हा हात केला. तब्येत ठीक दिसते." ती थांबली. तिच्या ओठांचे कोपरे हलत होते. "दीड. टोपी हलवतो आहे. उत्साह दांडगा. दोन. बसला आहे. दमला असावा."

"रोज असं लिहिता?" तिने विचारलं.

"माणूस वर गेला की खाली येईपर्यंत माझ्याकडे असतो," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "लिहिलं नाही तर लक्षात कसं राहणार? वय झालंय माझं."

मिस फॅरेलीने पानं मागे उलटली. दहा, वीस पानं. मग वही मिटली आणि म्हणाली, "मिसेस लिडी, मी बऱ्याच जागा पाहिल्या. कॅमेरे लावलेल्याही पाहिल्या. आत कोण आहे हे असं कोणालाच सांगता येत नाही. किल्ली इथेच राहील."

माझा जीव भांड्यात पडला. असा पडला की हातातला पाव टेबलाखाली गेला आणि रेंजरने तो खाल्ला. अ‍ॅट्रॅक्टाने फक्त डोळे मिटले आणि उघडले. मग उठून किटलीत पाणी घालायला गेली, आणि नळापाशी जरा जास्तच वेळ थांबली.

"एकच गोष्ट," मिस फॅरेली म्हणाली. "तुम्ही आजारी पडलात, कुठे गेलात, तर दुसरं कोणी हवं. नाव द्यावं लागेल मला."

"लिही," अ‍ॅट्रॅक्टा पाठमोरीच म्हणाली. "कोलमन टूही."

मी तोंड उघडलं. "नको," म्हणालो.

"आमच्याकडे पहिला नको धरत नाहीत," ती मिस फॅरेलीला म्हणाली. "लिही तू."

पांढरी गाडी गेली. आम्ही दोघंच उरलो, आणि घड्याळ. मला आता सहन होईना.

"अ‍ॅट्रॅक्टा, ते पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू टाकलंस त्याच दिवसापासून. तीस वर्षांत तू पोस्टात एक पत्र टाकलंस, तेही डब्लिनला. पोस्टातल्या बाईला पचेल का ते?" तिने माझा कप भरला. "मी वाचायला घेऊन आले तुझ्याकडे. म्हटलं, आता सांगेल. चष्मा खिशातच होता माझ्या."

लाज वाटणं म्हणजे काय हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"मग आज? मी अडकलोय हे तुला कळलं होतं?"

"त्या डच बाईला किल्ली घेतानाच विचारलं, वर कोण राहिलं. म्हणाली, एक आनंदी म्हातारा आहे." ती समोर बसली. "आनंदी म्हटल्यावर मला आधी वाटलं, दुसराच कोणीतरी असेल."

"आणि तीन तास बसवलंस मला."

"ऊन होतं, अंगात कोट होता. पाऊस आला असता तर आले असते उघडायला. तू लिहिलं होतंस, कोणी आत अडकलं तर हिला पत्ता लागणार नाही. म्हटलं, आता स्वतःच बघ वरून, लागतो की नाही ते."

तिने वही माझ्याकडे ढकलली. "आता तुझंही काम आहे. बघून ठेव कसं लिहितात ते."

मी पानं उलटत गेलो. मे. एप्रिल. शोधायचं नाही म्हणत होतो आणि शोधत होतो. ते पान सापडलं. तिचंच अक्षर, थोडं तिरपं.

"सतरा एप्रिल. दिवसभर पाऊस. कोणी आलं नाही. दोन वाजता कोलमन खाद्य घेऊन ट्रॅक्टरने वर, फाटक उघडं राहिलं. मी जाईपर्यंत मेंढी रस्त्यावर गेली होती. चुकलंच, आधी बघायला हवं होतं."

मी ते दोनदा वाचलं. एकही पाहुणा आला नव्हता त्या दिवशी. माझी मेंढी मीच मारली होती, आणि तिने पानावर चूक लिहिली होती ती स्वतःची. दीड-पावणेदोन महिने हे पान या टेबलावर पडून होतं. मी पत्र लिहीत होतो तेव्हा होतं, ती पाकीट घेऊन माझ्याकडे आली तेव्हाही होतं. मघाशी मिस फॅरेली पानं उलटत होती तेव्हा बोट ठेवून दाखवलं असतं, तर तक्रार जागच्या जागी संपली असती, आणि माझं गावातलं नावही.

"हे तिला का नाही दाखवलंस?" मी विचारलं.

"ती किल्ल्याची चौकशी करायला आली होती," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "तुझी नाही. चहा गार होतोय."

मी चहा प्यायलो. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही, आणि तिने बघितलं नाही. ती मुरंब्याच्या बरणीचं झाकण लावत बसली, लागत नसल्यासारखं.

निघालो तेव्हा उन्हं अजून टेकडीवर होती. अंगावरून शंभर किलोचं पोतं उतरल्यासारखं वाटत होतं. फाटकाशी गस कॉर्बेट उभा. हातात बटाट्यांची पिशवी.

"हात केलास," तो म्हणाला.

त्याला खरं सांगावं असं एकदा मनात आलं. दिवसभरात पुरेसं खरं झालं होतं.

"केला खरा," मी म्हणालो.

"अकरा वर्षांनी."

"वरून बांध फार लहान दिसतो, गस."

त्याने पिशवी माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघं थोडा वेळ मेंढ्यांकडे बघत उभे राहिलो. मग तो गेला.

मी आत जाऊन ट्रॅक्टर खाली आणला, बाहेर काढला, उतरलो, फाटक लावलं आणि दोनदा हलवून बघितलं. मागे वळलो तर अ‍ॅट्रॅक्टा दारात, डोळ्यांवर हात धरून. मी हात वर केला. तिने हात वर केला, आणि माझं नाव दुसऱ्या रकान्यात लिहायला आत गेली.